न्यायाधीशाच्या शेजारची खुर्ची

न्यायालयात न्यायाधीशाच्या शेजारी कोण बसतं, हा प्रश्न गेले दोन महिने माझ्या डोक्यात आहे. कारण साधं आहे. येत्या जूनमध्ये चार आठवडे तिथे मी बसणार आहे. सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केल्यावर यंदा तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घ्यायचं ठरवलं आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी एका जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधीशांनी 'येऊन बसा, बघा' असं म्हटलं. हे ओळखीतून झालं, हे आधीच सांगून टाकतो. त्या ओळखीबद्दल पुढे बोलायचंच आहे.

तयारी काय करायची असं विचारल्यावर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एकाने दिवाणी प्रक्रिया संहितेचा बेअर अ‍ॅक्ट पाठ करायला सांगितला, दुसऱ्याने पांढरा शर्ट आणि काळी पँट शिवून घ्यायला. वकिली करणारी एक मैत्रीण म्हणाली, "काही वाचू नकोस. रोजनामा वाचायला शिक, बाकी आपोआप येईल." या सगळ्यांचं ऐकलं, पण आमच्या धंद्यातली एक खोड जात नाही. दुसऱ्याचं जुनं कोड हातात आलं की ते चालवायच्या आधी त्याचा इतिहास बघायचा: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठली अडचण आली म्हणून लिहिलं. म्हणून मी या खुर्चीचा इतिहास वाचायला घेतला.

मराठी माणसाचा हा शोध रामशास्त्री प्रभुण्यांपासून सुरू होणार हे उघड आहे. शाळेत आपल्याला नारायणरावाच्या खुनानंतरचे रामशास्त्री शिकवतात, राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. मला या वेळी त्याआधीचे रामशास्त्री जास्त जवळचे वाटले. माहुलीचा हा मुलगा साताऱ्याच्या सावकाराकडे चाकरीला होता, विशीपर्यंत शिक्षण जवळजवळ नव्हतं, आणि मग कुठला तरी अपमान जिव्हारी लागून तो काशीला गेला, अशी परंपरेने आलेली कथा आहे. तिथे बाळंभट्ट पायगुंड्यांकडे त्यांनी धर्मशास्त्राचं अध्ययन केलं. पायगुंडे म्हणजे मिताक्षरेवरच्या 'बालंभट्टी' टीकेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते. 1751 मध्ये रामशास्त्री पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि 1759 मध्ये न्यायाधीश झाले. म्हणजे मधली आठ वर्षं ते दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी बसून, ग्रंथ काढून देत, मत सांगत काम करत होते. अपमानाची कथा खरी की रचलेली हा मुद्दा सोडून देऊ. विशीनंतर शिकायला सुरुवात करणाऱ्याला न्यायशास्त्र येऊ शकतं, एवढाच आधार मला तूर्त पुरे आहे.

पण खुर्चीची खरी गोष्ट सुरू होते ती कंपनी सरकारच्या काळात. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायव्यवस्थेची जी योजना केली तिच्यात असं ठरलं, की वारसा, लग्न, जात, धर्माचार या बाबतीत हिंदूंना शास्त्राचा आणि मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचा. ठरवणारे इंग्रज, कायदा संस्कृत आणि अरबीत. मग न्यायालयात साहेबाच्या शेजारी पंडित आणि मौलवी बसवले गेले. साहेबाने प्रश्न विचारायचा, पंडिताने लेखी 'व्यवस्था' द्यायची, आणि साहेबाने त्याप्रमाणे निकाल द्यायचा. आज न्यायाधीशाशेजारी बसणारा मुलगा शिकायला बसतो. तेव्हा शेजारी बसणाऱ्याला कायदा येत होता आणि शिकाऊ होता तो न्यायाधीश.

हे दोघांनाही फार काळ मानवणार नव्हतं. 1783 मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून आलेल्या विल्यम जोन्सला पंडितांचा संशय यायला लागला. पंडित हवा तसा अर्थ लावून सांगतात, आपल्याला पडताळायची सोय नाही, ही त्याची तक्रार. संस्कृत व्याकरणाच्या ओढीने तो संस्कृत शिकला असं आपण समजतो. तीही ओढ होती, पण शेजारी बसणाऱ्यावर अवलंबून राहायचं नाही हा मूळ हेतू होता. त्याने केलेलं मनुस्मृतीचं भाषांतर 1794 मध्ये छापलं गेलं, आणि त्याच वर्षी तो वारला. त्याने योजलेला धर्मशास्त्राचा मोठा संग्रह जगन्नाथ तर्कपंचानन या बंगाली पंडिताने रचला आणि कोलब्रुकने तो इंग्रजीत आणला. या सगळ्या खटाटोपाचं उद्दिष्ट एकच: शेजारच्या माणसाच्या डोक्यातला कायदा काढून पुस्तकात भरायचा, म्हणजे माणूस लागणार नाही. ज्याने कधी एखाद्या कंपनीत 'सगळं माहीत असलेला एकच माणूस' पाहिला आहे, त्याला हे लगेच कळेल. त्या माणसाने नोकरी सोडायच्या आत त्याच्याकडून दस्तऐवज लिहून घ्यायची जी धावपळ होते, तीच ही.

आपल्याकडे पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने हेच केलं, जरा जास्त समजुतीने. 1821 मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिथे धर्मशास्त्रही शिकवलं जाई. आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे रीतिरिवाज, शास्त्र्यांना आणि जातींच्या लोकांना विचारून गोळा केले. ते पुस्तक 1827 मध्ये सरकारने छापलं. त्याच साली एल्फिन्स्टनची संहिता लागू झाली आणि त्याच साली बोराडेलने नीळकंठाच्या 'व्यवहारमयूखा'चं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण इथे मयूखाला मान, बाकी महाराष्ट्रात मिताक्षरेला, हा फरक पुढे दीडशे वर्षं वकिलांच्या पोटापाण्याचा विषय झाला.

या सगळ्यात माझ्या हाती लागलेलं सर्वांत आवडतं पुस्तक म्हणजे वेस्ट आणि ब्यूलर यांचा हिंदू कायद्याचा 'डायजेस्ट'. रेमंड वेस्ट मुंबई इलाख्यातला न्यायाधीश, गेओर्ग ब्यूलर एल्फिन्स्टन कॉलेजातला जर्मन संस्कृत पंडित. इलाख्यातल्या निरनिराळ्या न्यायालयांतल्या शास्त्र्यांनी वर्षानुवर्षं दिलेली उत्तरं त्यांनी गोळा केली आणि 1867 पासून छापली. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी प्रश्न, मग शास्त्र्याचं उत्तर, त्याखाली जिल्हा आणि तारीख, मग शास्त्र्याने दिलेले ग्रंथाधार, आणि शेवटी संपादकांचा शेरा. कुठे संपादक म्हणतात उत्तर बरोबर, कुठे म्हणतात उत्तर बरोबर पण दिलेला आधार लागू नाही. नगरचा शास्त्री, सुरतेचा शास्त्री, रत्नागिरीचा शास्त्री, बहुतेकांची नावंसुद्धा उरलेली नाहीत. पण विधवेला काय मिळतं, दत्तकाला काय मिळतं, परांगदा झालेल्या भावाचा वाटा कुणी सांभाळायचा, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि त्या छोट्या उत्तरांमधून माणूस दिसतो. कुणी एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होतो, कुणाला विद्वत्ता दाखवायची हौस.

गंमत अशी, की हे पुस्तक छापलं तेव्हा या शास्त्र्यांच्या खुर्च्या नुकत्याच उचलल्या गेल्या होत्या. 1864 च्या 11व्या कायद्याने न्यायालयांतले हिंदू आणि मुसलमान विधिअधिकारी रद्द झाले. आता न्यायाधीशांना कायदा माहीत आहे असं गृहीत धरायचं ठरलं. तोपर्यंत निकालांचे अहवाल साठले होते, भाषांतरं झाली होती. शास्त्र्याने बोलता बोलता जे तारतम्य ठेवलं असेल, 'आमच्या गावात असं चालत नाही' असं जे म्हटलं असेल, ते छापील पानात घट्ट झालं. हिंदू कायदा ताठर झाला तो इंग्रजांमुळे, की आधीच ताठर होता, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला त्यात पडायची ऐपत नाही. पण प्रश्नोत्तरं वाचताना एक जाणवतं: जिवंत माणसाला उलट प्रश्न विचारता येतो, पुस्तकाला येत नाही.

शास्त्री गेल्यावर खुर्ची रिकामी राहिली, आणि कायदा शिकायची जागा न्यायालयातून वर्गात गेली. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी 1852 मध्ये निवृत्त झाले तेव्हा लोकांनी वर्गणी जमवून त्यांच्या नावाने कायद्याची प्राध्यापकी काढली. त्यातून 1855 मध्ये सरकारी विधिशाळा उभी राहिली, तेच आजचं चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. 1862 मध्ये उच्च न्यायालय आलं. 1866 मध्ये महादेव गोविंद रानडे एलएल.बी. झाले, 1871 मध्ये त्यांनी अ‍ॅडव्होकेटची परीक्षा दिली, आणि त्याच वर्षी पुण्याला सबॉर्डिनेट जज्ज म्हणून आले. मधली वर्षं एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणं, अक्कलकोट आणि कोल्हापूरच्या संस्थानांत कारभार आणि न्यायदान, अशी गेली. वकिली फारशी न करता माणूस थेट न्यायासनावर. परीक्षा हीच पात्रता, हा नवा विचार तेव्हा किती ताजा असेल! 1890 च्या आसपास टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेचा खासगी वर्ग चालवला, तो याच विचाराची बाजारपेठ होती. आज लक्ष्मी रस्त्यापासून कर्वे रस्त्यापर्यंत स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या पाट्या दिसतात, त्यांच्या खापरपणजोबांमध्ये लोकमान्यांचा क्लास धरायला हरकत नाही.

परीक्षा पास झाली म्हणजे काम येतं का? याचं उत्तर गांधीजींच्या आत्मकथेत आहे. लंडनला इनर टेम्पलमध्ये ठरावीक भोजनं करून, रोमन लॉ वगैरे वाचून ते 10 जून 1891 रोजी बॅरिस्टर झाले आणि 12 जूनला बोटीत बसले. मुंबईत आल्यावर अनुभवासाठी रोज उच्च न्यायालयात जाऊन बसत. चाललेलं समजेना, झोप येई. इतर मंडळीही डुलक्या काढताना पाहून लाज गेली, असं ते प्रांजळपणे सांगतात. मग स्मॉल कॉज कोर्टात ममीबाईचा दावा मिळाला, फी 30 रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. काम दुसऱ्या वकिलाला देऊन ते निघून आले. लोक ही गोष्ट संकोची मुलाचा महात्मा कसा झाला हे सांगायला वापरतात. मी ती शिक्षणपद्धतीवरची टीका म्हणून वाचतो. तीन वर्षांच्या शिक्षणात या माणसाला न्यायाधीशाच्या बाजूने खोली कशी दिसते हे एकदाही कुणी दाखवलं नव्हतं.

इंग्लंडमध्ये अशी सोय नव्हती असं नाही. न्यायाधीश फिरतीवर, म्हणजे असाइझेसना, निघाले की एक तरुण बॅरिस्टर 'मार्शल' म्हणून सोबत नेत. तो न्यायाधीशांच्याच निवासात राही, सोबत जेवी, कागदांचा गोषवारा काढून देई, खटल्यांबद्दल रात्री गप्पा होत. असाइझेस 1971 च्या कायद्याने संपले, पण शब्द उरला. आजही तिथे विद्यार्थी काही दिवस न्यायाधीशाच्या शेजारी, खाली प्रेक्षकांत नव्हे तर वर न्यायासनावर, बसतो त्याला 'मार्शलिंग' म्हणतात. जूनमध्ये मी जे करणार त्याच्या सगळ्यांत जवळचं हे. पण मार्शल कोण होई? ज्याच्या वडिलांना किंवा गुरूंना न्यायाधीश ओळखत असत तो.

अमेरिकेतही तेच. होरेस ग्रे हे मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश 1875 पासून हार्वर्डच्या हुशार पदवीधराला वर्षभर मदतनीस ठेवू लागले, पगार स्वतःच्या खिशातून. मुलगा निवडून द्यायचं काम त्यांचे सावत्र भाऊ, हार्वर्डचे प्राध्यापक जॉन चिपमन ग्रे यांचं. लुई ब्रँडाइस हा त्या सुरुवातीच्या मुलांपैकी एक, पुढे तो स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. 1882 मध्ये ग्रे वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ही पद्धत तिथे रुजली. 1886 मध्ये संसदेने प्रत्येक न्यायाधीशाला वर्षाला 1,600 डॉलर पगाराचा एक लघुलेखक-कारकून मंजूर केला. ग्रे यांच्याकडे 1888 च्या सुमाराला काम केलेल्या सॅम्युएल विलिस्टनने लिहून ठेवलं आहे की न्यायाधीश त्याला कागद देत, त्याचं मत विचारत, त्याच्याशी वाद घालत, निकालाचा मसुदा लिहायला लावत, आणि मग निकाल स्वतः लिहीत. मसुदा कचऱ्यात. हे मला फार आवडलं. मसुदा लिहवून घ्यायचा तो वापरायला नाही, स्वतःचं मत घासून बघायला. आमच्याकडे नवीन मुलांना चालू प्रकल्पाचा एखादा भाग पुन्हा लिहायला देतात आणि तो कधीच वापरत नाहीत, त्यातलाच प्रकार. मुलं चिडतात, पण शिकतात.

ग्रे यांच्या जागी 1902 मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स आले. त्यांच्या मदतनिसांना चेकबुकाचा हिशेब लावणं, संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवणं, गप्पांना साथ देणं हीही कामं असत. अविवाहित असणं ही अट. ब्रँडाइस स्वतः न्यायाधीश झाल्यावर त्यांच्याकडे डीन अ‍ॅचेसन होता, जो पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला. एकदा त्याने तपासलेल्या कागदात चुकीचे दाखले राहून गेले. ब्रँडाइसनी शांतपणे त्याला ऐकवलं, की माझ्या चुका काढणं हे तुझं काम आहे, त्यात स्वतःच्या भर घालणं नव्हे. माझ्या पहिल्या टीम लीडला हे वाक्य सुचलं नाही हे माझं नशीब.

ही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. सावत्र भाऊ, जावई, मित्राचा विद्यार्थी. ज्या खुर्चीतून पुढचे न्यायाधीश, मंत्री, प्राध्यापक निघाले ती ओळखीवर मिळत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला मदतनीस, ल्यूसिल लोमेन, 1944 मध्ये आली, तीसुद्धा युद्धावर मुलं गेल्यामुळे. दुसरी यायला 1966 उजाडलं. 1960 मध्ये हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने शिफारस केलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांना न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी नकार दिला. पुढे त्या त्याच न्यायालयात न्यायाधीश झाल्या. आपल्याकडचं उदाहरण अजून बोचरं. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डला बी.सी.एल.ची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ही परीक्षा देणारी ती पहिलीच स्त्री. पदवी मात्र हातात पडली 1922 मध्ये, कारण त्या परीक्षेच्या काळी विद्यापीठ स्त्रियांना पदवी देतच नव्हतं. परत येऊन त्यांनी मुंबईची एलएल.बी. दिली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. अडथळा परीक्षेचा नव्हताच. 1923 मध्ये स्त्रियांना वकिलीची परवानगी देणारा कायदा आला तोपर्यंत तीस वर्षं त्या कायदा येत असलेल्या, पण न्यायालयात उभं राहण्याची मुभा नसलेल्या बाई होत्या.

मला ही खुर्ची एका फोनवर मिळाली. मावशीच्या कार्यालयातल्या एकांचे ते न्यायाधीश वर्गमित्र. माझ्याबरोबर सीईटी देणारा, बीडहून आलेला एक मुलगा अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसतो, त्याच्याकडे असा फोन नाही. त्याचा कायदा माझ्यापेक्षा पक्का आहे. मी फोन नाकारायला हवा होता का? मी नाकारला नाही, आणि नाकारून त्याला काही मिळालं असतं असंही नाही. पण न्यायाधीशांना ईमेल लिहिताना त्याचंही नाव सुचवलं. उत्तर आलं, की एका वेळी एकच. जुलैचं बघू.

मी हे सगळं का करतोय, नोकरी सोडून, हे घरच्यांनीही विचारलं. खरं कारण घरातच एका लोखंडी ट्रंकेत आहे. आजोबांनी 1991 मध्ये चुलत भावांवर वाटपाचा दावा लावला. मी जन्मायच्या आधीचा. दाव्याची प्रत, समोरच्यांची कैफियत, निशाण्या, हुकूमनाम्याची नक्कल, सगळं त्या ट्रंकेत. 2003 मध्ये आजोबा गेले, मग वारस दाखल करण्यात दोन वर्षं, मग प्राथमिक हुकूमनामा, त्यावर अपील. शेतजमीन सरकारी आकाराची, म्हणून प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे आणखी एक दरवाजा. आमच्या घरात 'तारीख' हा शब्द कॅलेंडरशी संबंधित आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

मैत्रिणीने सांगितलं म्हणून त्या दाव्याच्या रोजनाम्याची नक्कल काढून पहिल्यापासून वाचली. रोजनामा म्हणजे त्या त्या दिवशी न्यायालयात काय झालं याची नोंद, ओळीला ओळ. यात मागे जाऊन काही खोडता येत नाही, फक्त पुढे लिहिता येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग. 'वादी हजर. प्रतिवादी क्र. 3 गैरहजर. मुदतीचा अर्ज. मंजूर.' 'न्यायाधीश रजेवर.' 'साक्षीदार हजर नाही.' 'वकील बाहेरगावी.' मी नोंदी मोजल्या. ज्या दिवशी खरोखर काही पुढे सरकलं अशा तारखा एकूण तारखांच्या पाचव्या हिश्श्याएवढ्याही नव्हत्या. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्ही प्रत्येक तारखेला जात होतो रे." एस.टी.ने, डबा घेऊन. खालच्या बाकावरून चौतीस वर्षं आमच्या घराने न्यायाधीश पाहिला. वरून ती खोली कशी दिसते हे एकदा बघायचं आहे. मुदतीचा अर्ज मंजूर करताना वरच्या माणसाला काय दिसत असतं? त्या दिवसाच्या यादीतली बाकीची प्रकरणं, की खाली डबा घेऊन बसलेला माणूस?

आमचा दावा दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तरी मी तो न्यायाधीशांना आधीच कळवला. दोन ओळींचं उत्तर आलं: कळवलंत ते बरं केलंत, त्या विषयावर माझ्याशी बोलायचं नाही. आणि खाली आणखी एक ओळ होती, जिच्यामुळे मला ते शास्त्री पुन्हा आठवले. 'हॅश व्हॅल्यू म्हणजे काय, ते एका पानात मराठीत लिहून आणा.'

त्याची पार्श्वभूमी अशी. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 खाली मोबाइलमधलं रेकॉर्डिंग, सीसीटीव्हीचं चित्रण असं काही पुराव्यात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या छापील नमुन्यात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. प्रमाणपत्राची सक्ती जुन्या कायद्याच्या 65-ब मध्येही होती. ती किती कडक मानायची यावर सर्वोच्च न्यायालयाचा जो मोठा निकाल 2020 मध्ये आला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरले का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. नव्या कायद्याने त्यात हॅश आणला. आता तालुक्याच्या न्यायालयातही चौसष्ट अक्षरांची एक अगम्य ओळ पुराव्यासोबत येते, आणि ती ओळ नेमकं काय सिद्ध करते, हे ठरवायचं न्यायाधीशाने.

म्हणजे पुन्हा तेच. ठरवणारा एक, त्या विषयाची भाषा येणारा दुसरा, आणि दुसऱ्याने एका पानात 'व्यवस्था' द्यायची. जोन्सला पंडितांचा जो संशय होता तो मला आता न्यायाधीशाच्या बाजूने पटतो. मी लिहिलेलं पान चुकलं, किंवा मी मुद्दाम एखादी बाजू जड केली, तर ते पडताळणार कोण? हॅश जुळला म्हणजे फाइल त्या क्षणापासून बदललेली नाही एवढंच कळतं. त्या क्षणाच्या आधी कुणी काय केलं, चित्रण खरं की बनावट, हे हॅश सांगत नाही. पण 'जुळला' या शब्दाला इतका भारदस्त आवाज आहे की ऐकणाऱ्याला वाटतं सगळंच सिद्ध झालं. शास्त्र्याचं उत्तर बरोबर, दिलेला आधार लागू नाही: वेस्ट आणि ब्यूलरसारखा शेरा मारणारा तिसरा माणूस इथे कोण आहे?

अशा वेळी सुचणारा एक उपाय म्हणजे खोलीचं दार उघडं ठेवणं. हे आपल्याकडे घडलं त्याला कारणीभूत शिकाऊच होते, हे मला माहीत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयात सोमवारी आणि शुक्रवारी इंटर्नना न्यायदालनात प्रवेश नसे, गर्दी होते म्हणून. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या स्वप्निल त्रिपाठी या विद्यार्थ्याने त्याविरुद्ध याचिका केली. आत येऊ देत नसाल तर निदान बाहेर दाखवा, अशा वळणाने ती गेली, आणि 26 सप्टेंबर 2018 रोजी कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाचा निकाल लागला. 2022 पासून घटनापीठांच्या सुनावण्या घरबसल्या पाहता येतात. बीडचा मुलगा त्या रात्री दीड पटीच्या वेगाने बघतो. खालच्या न्यायालयांत मात्र अजून बाकावर जाऊनच बसावं लागतं.

नियमांच्या बाजूने पाहिलं तर बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. माझा जून त्यात धरला जाणार नाही, कारण तेव्हा मी विद्यार्थीच नसेन. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. 2002 मध्ये ती काढून टाकली होती. म्हणजे रानड्यांसारखं परीक्षा देऊन थेट न्यायासनावर बसण्याचा रस्ता पुन्हा बंद. मात्र न्यायाधीशाकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम त्या तीन वर्षांत धरलं जाईल. शेजारच्या खुर्चीला आता सरकारदरबारी किंमत आली आहे, त्यामुळे ती कोणाला मिळते हा प्रश्न पूर्वीपेक्षा महागाचा झाला आहे.

सध्या मी त्या एका पानावर आहे. पहिल्या मसुद्यात बोटाच्या ठशाची उपमा दिली होती, ती काढली. ठसा माणसाचा असतो, हॅश माणसाबद्दल काहीच सांगत नाही. दुसऱ्यात लाखेच्या मोहोरेची दिली, ती बरी होती, पण मोहोर फोडल्याशिवाय पाकीट उघडत नाही आणि फाइल हवी तितकी वेळा उघडता येते. वडिलांना तिसरा मसुदा वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे रोजनाम्यात कुणी मागचं पान बदललं तर कळेल का?" त्या पद्धतीने ठेवला तर कळेल, असं मी म्हटलं. मग त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि आणखी तीन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं घातल्यावर चौथा मसुदा दीड पानाचा झाला आहे.